गुरुवारची सुट्टी

साप्ताहिक सुट्टी म्हणजे रविवार, हे समीकरण अन्यत्र खरे असेल. आमच्या औद्योगिक पट्ट्यात ते अनेकांच्या बाबतीत खरे नव्हते. विजेचा भार वाटला जावा म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे निरनिराळे वार नेमून दिले गेले आणि भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे येथील ख्रिस्ती कामगाराची ओढाताण ठरलेली. ज्या दिवशी चर्चची घंटा वाजे त्याच दिवशी कारखान्याचा भोंगाही वाजे. आणि ज्या दिवशी भोंगा गप्प असे त्या दिवशी मुले शाळेत, शेजारी कामावर आणि चर्चचे दार लोटलेले. शनिवारी सायंकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पार पडते, ही सोय १९८३ च्या कॅनन लॉमध्ये आहे. आमच्या भागातील कित्येक कुटुंबांनी त्या सोयीवर आयुष्य काढले. त्याच कायद्यात रविवारी शरीराला आणि मनाला विसावा मिळाला पाहिजे असेही म्हटले आहे, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले.

परंतु आज आम्हाला सुट्टीच्या वाराविषयी लिहावयाचे नाही. सुट्टी ज्यांना सोसत नाही अशा माणसांविषयी लिहावयाचे आहे. आणि त्या माणसांत आमचा स्वतःचा क्रमांक बराच वरचा होता.

आम्ही १९७९ साली राहुरी तालुक्यातून भोसरीला आलो. आयटीआयचे टर्नरचे प्रमाणपत्र खिशात होते. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका मध्यम कारखान्यात लेथवर उभे राहिलो आणि बारा वर्षांनी सुपरवायझर झालो. त्याच वर्षी, म्हणजे १९९१ मध्ये, चिखलीत दोन गुंठे जागा घेतली. तेव्हा चिखलीत ग्रामपंचायत होती. महापालिका यायची होती ती १९९७ साली. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, मधून वाहणारी इंद्रायणी आणि भोवती ज्वारीची शेते. पुढे शेतांच्या जागी गाळे आले, गाळ्यांमागून इमारती आल्या, शेजारच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे उभी राहिली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेच्या बुलडोझरांनी ती हजारोंच्या संख्येने पाडलीही. हे सारे आमच्या डोळ्यांसमोर घडले असे म्हणण्याची पद्धत आहे. पण खरे सांगायचे तर आमच्या डोळ्यांसमोर त्यातले फारसे काही घडलेच नाही. आम्ही अंधारात लुना काढीत असू आणि अंधारातच ती आत घेत असू.

गुरुवारी मात्र घरी राहावे लागे, आणि गुरुवार हा आमच्या घरातला सर्वांत वाईट दिवस. सकाळी नऊपासून डोके चढे. चहा गोड लागला तरी बोलणे, अगोड लागला तरी बोलणे. दुपारी नळाचा वॉशर बदल, दाराची बिजागरी सोडवून पुन्हा बसव, असे उद्योग चालत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा प्रकार. सायंकाळी शर्टाच्या खिशातली छोटी डायरी काढून दुसऱ्या दिवशीचे जॉब, सेटिंग, डिस्पॅच मांडावयास बसलो की जीव थाऱ्यावर येई. आमच्या सौ. एकदा शेजारणीला म्हणाल्याचे आम्ही ऐकले होते, ‘यांना शुक्रवार उजाडला की बरं वाटतं बघा.’ आम्हाला ती स्तुती वाटली होती.

या दुखण्याला नाव आहे, हे पुष्कळ वर्षांनी समजले. हंगेरीचे मनोविश्लेषक शांडोर फेरेन्त्सी यांनी १९१९ साली एक टिपण लिहून आपल्या काही रुग्णांची गंमत नोंदविली होती. ही माणसे आठवडाभर ठणठणीत असत आणि रविवारी मात्र त्यांचे डोके दुखे, पोट बिघडे. कामाच्या शिस्तीने आत दाबून ठेवलेले जे काही असते ते सुट्टीच्या दिवशी, पहारा उठताच, वर येऊ लागते, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी त्याला रविवारचा मनोविकार म्हटले. भोसरीत राहते तर बिचाऱ्यांना वार बदलावा लागला असता.

पुढे १९६८ मध्ये वेन ओट्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ‘वर्कोहोलिक’ हा शब्द घडविला. दारूच्या व्यसनासाठी इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्याच वळणावर. ओट्स हे धर्मोपदेशक होते, बॅप्टिस्ट पंथाचे पाळक. केंटकीतील एका ईश्वरविज्ञान विद्यालयात दुःखितांना धीर कसा द्यावा हे शिकवीत असत. तीन वर्षांनी त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले आणि त्यात पहिला रुग्ण म्हणून स्वतःलाच उभे केले. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला त्यांच्याशी काही बोलायचे होते, तर त्याने त्यांच्या कचेरीत भेटीची वेळ मागितली. तेव्हा त्यांना जाग आली. कामाच्या या व्यसनावर पहिले बोट ठेवणारा माणूस कारखानदारही नव्हता आणि कामगारही नव्हता. तो देवाच्या कामात बुडालेला माणूस होता, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर आमच्या कामगार बांधवांवर अन्याय होईल. मुलाच्या फीसाठी, बहिणीच्या लग्नासाठी, घराच्या हप्त्यासाठी जो ओटी करतो तो व्यसनी नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरविले आणि त्यावरच्या तासांना दुप्पट मोबदला दिला. त्या दुप्पट मोबदल्यावर चिखली, मोशी, तळवडे येथील किती घरांवर स्लॅब पडले ते आम्ही जाणतो. गरज संपली की तो माणूस थांबतो, निदान थांबावेसे त्याला वाटते. तसेच, कामात मनापासून रमणारा, जॉब मापात उतरला की ज्याचा चेहरा फुलतो तोही व्यसनी नव्हे. १९९२ साली जॅनेट स्पेन्स आणि अॅन रॉबिन्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी हे फार नेमके मांडले. कामात किती गुंतलो आहोत, आतून किती रेटा आहे आणि आनंद किती आहे, या तीन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. गुंतवणूक पुष्कळ, रेटा पुष्कळ, पण आनंद थोडा, असा ज्याचा हिशेब निघतो तो कामाचा व्यसनी. आम्हाला तर सुपरवायझर म्हणून ओटीही लागू नव्हती. संध्याकाळी सहानंतरचे आमचे सारे तास फुकट होते. आणि ते कोणी मागितलेले नव्हते.

मग हा रेटा येतो कोठून? प्रत्येकाचे उत्तर निराळे असेल. आमचे वडील दुसऱ्याच्या बांधावर राबले, आजोबांनी तर गावाची वेठ केली. भाकरतुकड्यावर दिवसभराचे श्रम. ज्या समाजात आमची माणसे वाढली तेथे त्यांच्या माणूसपणाला किंमत नव्हती, कामाला तेवढी होती, तीही देणाऱ्याच्या मर्जीने. फादरांच्या शाळेने आम्हाला अक्षरे दिली आणि आयटीआयने हातात कसब दिले. आता आपण कोणाच्या बांधावर नाही, हे आम्ही रोज नव्याने सिद्ध करीत होतो. ‘रिकामा’ हा आमच्या घरातला सर्वांत मोठा अपशब्द. वडील कधी कौतुक करीत नसत. पण आम्ही शाळेतून येऊन सरपण फोडून ठेवले असले तर ते काही न बोलता जवळ बसत. त्या बसण्यासाठी आम्ही पुष्कळ सरपण फोडले. धर्मशिक्षणाच्या वर्गात रिकामे मन सैतानाचे घर हे वाक्य होतेच. आणि जो काम करीत नाही त्याने खाऊही नये, ही संत पौलाची थेस्सलनीकाकरांना दिलेली तंबीही आम्हाला पाठ होती. प्रभू आता येणार म्हणून हातपाय गाळून बसलेल्यांना ती दिलेली आहे, हे कोणी सांगितले नाही. किंवा सांगितले असेल, आमचे लक्ष नसेल.

म्हणजे आत एक धाक होता. काम नसेल तर मी कोण, असा. काम हाती घेतले की तो धाक तेवढ्यापुरता निवळे, म्हणून पुन्हा काम. दारूड्याची गोष्ट याहून निराळी नसते. फरक एवढाच की दारूड्याला चारचौघांत शिव्या बसतात आणि आम्हाला १५ ऑगस्टला शाल-नारळ मिळे.

आता १९९४ सालची गोष्ट सांगावी लागेल. आमच्या मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद होता. रविवार होता. आम्ही महिनाभर आधी रजेचा अर्ज दिला होता, मंजूरही झाला होता. सौ.नी पांढरा झगा घरीच शिवला होता. त्या पहाटे पाचला आम्हाला जाग आली आणि आदल्या रात्री नव्या जॉबचे सेटिंग सेकंड शिफ्टवर सोडून आलो आहोत, ते बिघडले तर, हा विचार डोक्यात शिरला तो निघेना. ‘कंपनीतून निरोप आलाय, तासाभरात येतो,’ असे सांगून आम्ही लुना काढली. घरात फोन नव्हता; निरोप कोणी आणला, हे सौ.नी विचारले नाही.

कोणीही निरोप धाडलेला नव्हता. सेटिंग उत्तम चालले होते. ऑपरेटरने आम्हाला पाहून विचारलेसुद्धा, ‘साहेब, आज तुमच्याकडे कार्यक्रम ना?’ आम्ही दहा जॉब मापून पाहिले, मग आणखी दहा. मग एक टूल बदलून घेतले. चर्चला पोहोचलो तेव्हा मिस्सा संपून आवारात फोटो चालले होते. त्या फोटोत आम्ही आहोत. आत, वेदीसमोरच्या फोटोत नाही. पुढे घरात हा विषय निघाला की ‘कंपनीने नेमके त्याच दिवशी बोलावले’ असे आम्हीच म्हणत असू, आणि म्हणता म्हणता आम्हाला ते खरेही वाटू लागले होते. पापनिवेदनात आम्ही रागाची पापे सांगितली, शिवीगाळीची सांगितली, हे कधी सांगितले नाही. काम हे पाप असू शकते, हेच मनात येत नव्हते.

निवृत्तीनंतर हे दुखणे सुटले असेल, असे वाचकांना वाटेल. आम्ही २०१८ मध्ये निवृत्त झालो आणि पंधरा दिवसांत चर्चच्या कामाला लागलो. धर्मग्रामाची समिती, संत विन्सेंट डी पॉल सोसायटी, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेसाठी बसगाड्या, नाताळचा गोठा, दफनविधीची धावपळ. मिस्साच्या वेळी आम्ही ध्वनिक्षेपकाची वायर तपासत असू, किंवा दाराशी उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवीत असू. आमचे फादर मोजके बोलतात. एकदा म्हणाले, ‘तुम्ही मिस्साला रोज दिसता, पण बसलेले कधी दिसत नाही.’ आम्ही हसलो. घरी येऊन मात्र झोप लागली नाही. ओट्स यांची गोष्ट आम्ही त्यानंतर वाचली.

लूककृत शुभवर्तमानातील मार्थेवर आजवर आम्ही असंख्य प्रवचने ऐकली आणि प्रत्येक वेळी मनातून तिचीच बाजू घेतली. पाहुण्यांना जेवू कोण घालणार होते? पण प्रभूने तिला स्वयंपाक टाकून ये असे म्हटलेले नाही. पुष्कळ गोष्टींनी तिचे मन त्रासले आहे, एवढेच त्याने पाहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या कार्यालयातील मंडळींना पंधरा रोग मोजून दाखविले होते. त्यात दुसराच रोग हा मार्थेचा, अतिउद्योगाचा. धर्मसेवेतील वरिष्ठांनाच ते ऐकावे लागले, यात आम्हाला थोडे समाधान वाटले हे कबूल करतो. जर्मन तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी १९४८ साली याहून खोल जाऊन लिहिले आहे. जुने मठवासी ज्याला आत्म्याचा आळस म्हणत, तो आळस आणि कामाची ही अखंड धावपळ एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, सख्खी भावंडे आहेत, असे त्यांचे म्हणणे. देवाने आपल्याला जे केले आहे ते स्वीकारून स्वस्थ बसण्याचा कंटाळा, हाच तो आळस. हे वाचून आम्ही चष्मा काढून ठेवला. चाळीस वर्षे लुना पिटाळून आम्ही आळशीच राहिलो होतो, तर!

एलिया संदेष्ट्याची कथाही आम्हाला आता निराळी दिसते. केवढे कार्य करून तो रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला. देवाने त्याला ना उपदेश केला, ना नवे काम दिले. आधी झोपू दिले. मग भाकर व पाणी दिले. मग पुन्हा झोपू दिले.

हे सारे एका वृद्धाचे मागे वळून पाहणे म्हणून सोडून देता आले असते. पण गोष्ट पुढच्या पिढीत गेली आहे. केरळातून पुण्यात आलेली २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट, मोठ्या कंपनीत लागून चार महिने झाले होते, जुलै २०२४ मध्ये मरण पावली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र त्या सप्टेंबरात साऱ्या वृत्तपत्रांत आले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला, हे कंपनीने मान्य केले नाही. तो वाद आम्ही येथे करीत नाही. पण आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक असतो, हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे जाहीर केले होते. तरी २०२३ मध्ये एक प्रथितयश उद्योगपती तरुणांना ७० तास सांगतात, २०२५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचे प्रमुख ९० तासांवर जातात! आमच्या काळी निदान भोंगा होता. तो वाजला की लेथ थांबे. लॅपटॉपला भोंगा नाही.

आमची मुलगी तळवड्यातील एका संगणक कंपनीत आहे. आठवड्यातून दोन दिवस घरून काम असते. तेव्हा ती मुलाला घेऊन चिखलीला आमच्याकडे येते. परवाच्या गुरुवारी ती आली होती. गुरुवार हा वीज मंडळाचाही दुरुस्तीचा वार. दहा वाजता वीज गेली. दुपारपर्यंत लॅपटॉप बंद पडला, मोबाईलही संपत आला. ती दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येरझारा घालू लागली. मुलाने काही विचारले तर त्याच्यावर ओरडली. मग नळाखालची बादली उगाच उचलून दुसरीकडे ठेवली. आम्ही ओट्यावर बसून पाहत होतो. ते चालणे आमच्या ओळखीचे होते.

‘काही अर्जंट आहे का गं?’ आम्ही विचारले.

‘नाही हो पप्पा. पण कोणी विचारलं तर?’

तेव्हा तिला ओट्यावर बसवून आम्ही ती १९९४ ची गोष्ट सांगितली. एकतीस वर्षांनी. कोणी बोलावले नव्हते, आम्ही आपणहून गेलो होतो, आणि घरी खोटे सांगितले होते, हे सगळे. सांगताना तिच्याकडे पाहवले नाही. इंद्रायणीच्या बाजूला नव्या इमारतीचे काम चालले आहे तिकडे पाहून सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला माहीत आहे, पप्पा. मिस्साच्या आधी मम्मीनं चर्चसमोरच्या बूथवरून तुमच्या गेटवर फोन लावला होता. मी तिचा हात धरून उभी होते. वॉचमन म्हणाला, साहेब आपणहून आलेत, त्यांना कोणी बोलावलं नाही. मम्मी म्हणाली, पप्पांना यातलं काही बोलायचं नाही.’

आत सौ. तांदूळ निवडीत होत्या. त्यांच्या सुपाचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

वीज साडेचारला आली. पंखा फिरू लागताच मुलगी उठली, लॅपटॉपची वायर भिंतीला लावली आणि पडद्यासमोर बसली. पाच-दहा मिनिटांनी बाहेर आली, मुलाला म्हणाली, ‘चल, नदीपर्यंत जाऊन येऊ,’ आणि चपला घालता घालता तिने मोबाईल आमच्या हातात दिला. ती दोघे परत येईपर्यंत तो तीनदा वाजला. आम्ही उचलला नाही. पण तिन्ही वेळा आमचा हात त्याच्याकडे गेला.